विचारा बिनधास्त : पाऊस, वारा आणि एकवीस किलोमीटर

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र गेले चार महिने हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, सगळ्यांची पहिलीच. रविवारी रेस आहे आणि फोनवर बघावं तर सकाळपासून पाऊस, वारा, गारठा. दोघं म्हणतात जायचंच नाही, एक म्हणतो आपण काय साखरेचे आहोत का विरघळायला, आणि मी मधल्यामध्ये लटकलोय. शिवाय आमचं पहिल्यापासून ठरलंय की चौघांनी एकत्र धावायचं आणि हातात हात घालून फिनिश लाइन ओलांडायची. एक जण जरा स्लो आहे पण त्याला सोडून जाणं बरं नाही वाटत. काय करावं?

उत्तर : पावसाचं आधी उरकते कारण ते सोपं आहे. नुसता पाऊस असेल तर जा. विजा असतील तर नाही, मग चार महिन्यांची मेहनत असो की चार वर्षांची. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते असं धरायचं, पक्क्या बिल्डिंगमध्ये किंवा बंद गाडीत शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसायचं. झाडाखाली नाही हां, तंबूतही नाही.

आता ते "एकत्र". खरी गडबड इथे आहे.

धावताना अंगात जी ऊब येते ती मेहनतीची असते, स्नायू जी एनर्जी जाळतात त्यातली पाऊण तरी नुसती उष्णता होऊन जाते. म्हणजे स्वतःच्या स्पीडने पळणारा माणूस ओला असला तरी बऱ्यापैकी गरम राहतो. पण तोच माणूस मित्रासाठी निम्म्या जोरात पळायला लागला, किंवा दर दोन किलोमीटरला थांबून मागे बघत उभा राहिला, की ओले कपडे आणि वारा मिळून त्याची ऊब काढून घेतात. स्लो मित्राची पंचाईत आणखी वेगळी, तो पावसात जास्त वेळ असतो आणि तुम्ही ताटकळताय म्हणून त्याच्या दमाबाहेर पळतो, मग शेवटी चालायला लागतो आणि चालायला लागला की गारठतो.

आम्ही तिघी अशाच एका रेसला गेलो होतो. चौदाव्या किलोमीटरच्या आसपास एकीची लेस सुटली. ती वाकली आणि नुसती बघत राहिली, बोटं हलेनात. मी बसले बांधायला तर माझीही बोटं लाकडासारखी, लेसचं ओलं टोक चिमटीत येतच नव्हतं, झाली ती गाठ कसली, बोचकंच होतं. तिसरी शेजारी उभी राहून "चला ना गं" म्हणत होती आणि तिचे दात वाजत होते. सगळं मिळून तीन-चार मिनिटं गेली असतील, पण पुढचे दोन किलोमीटर आम्ही धावत होतो की थरथरत होतो हे सांगता येणार नाही. तेव्हापासून मी पावसाच्या रेसला डबल गाठ मारते आणि उरलेली टोकं लेसखाली खोचते.

तर माझं म्हणणं असं की चौघांचं एक गाठोडं करू नका, दोन जोड्या करा. पहिले तीन-चार किलोमीटर सगळे सोबत, फोटोबिटो काढा, मग आपापल्या स्पीडने सुटा. स्लो मित्राबरोबर कोण राहणार ते आदल्या दिवशीच ठरू दे, आणि जो राहील त्याने मनापासून राहावं, घड्याळ बघून उसासे टाकत नाही, आणि अंगावर एक लेअर जास्त घालून. भेटायची जागा फिनिश लाइन ठेवू नका, छप्पर असलेली एखादी जागा ठरवा आणि कोरडे कपडे तिथे ठेवा. संपल्यावर ओल्या अंगाने मित्राची वाट बघत उभं राहणं हाच सगळ्यात वाईट अर्धा तास असतो.

आणि जोडीदाराचं खरं काम सांगू का? बघणं. थंडी डोक्यात गेली की ज्याला झालंय त्याला कळत नाही. बोलणं जड झालं, अडखळायला लागला, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं, तर "मी ठीक आहे" वर विश्वास ठेवू नका, तिथेच थांबवा आणि रेसच्या मेडिकल टीमकडे न्या. कुडकुडणं थांबलं पण माणूस अजून ओलाच आणि सुस्त, तर ते बरं लक्षण नाही, उलट जास्त घाई करा. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, पण रस्त्यावर थर्मामीटर कोण बघणार, लक्षणं बघायची.

राहता राहिलं सोडून जायचं अपराधीपण. 2018 ची बोस्टन मॅरेथॉन आठवा, तीन-चार अंश तापमान, धो धो पाऊस आणि समोरून वारा. अमेरिकन धावपटू डेझिरे लिंडेनला सुरुवातीलाच वाटलं की आज आपलं काही खरं नाही, म्हणून तिने दुसऱ्या अमेरिकन धावपटूला, शलेन फ्लॅनगनला सांगितलं, तुला काही मदत लागली तर सांग. फ्लॅनगन टॉयलेटला थांबली तेव्हा लिंडेन तिच्यासाठी रेंगाळली, दोघी परत घोळक्याला जाऊन मिळाल्या. पण पुढे पाय चालतायत म्हटल्यावर लिंडेन थांबली नाही, निघाली, आणि 2 तास 39 मिनिटं 54 सेकंदांत जिंकली. बोस्टनला अमेरिकन बाई 1985 नंतर पहिल्यांदा जिंकली. मदतही केली आणि स्वतःची रेसही धावली. एवढं तुम्हाला जमेल की.

ज्या दोघांना यायचं नाही त्यांना ओढू नका हं. कोरडे कपडे धरून बसायला कुणीतरी लागतंच.

प्रश्न : पावसात धावायला काय घालायचं? रेनकोट चालेल?

उत्तर : जाड रेनकोट नको, आत घामाने भिजाल. सुती टी-शर्ट तर अजिबात नको, पाणी पिऊन जड होतो आणि कातडी सोलवटून काढतो. अंगाला बसणारे पटकन सुकणारे कपडे, वारा असेल तर पातळ विंडचीटर, पुढे छज्जा असलेली टोपी म्हणजे डोळ्यात पाणी जात नाही. काखा, जांघा, पायाची बोटं इथे व्हॅसलीन सढळ हाताने लावा, आणि पुरुषांनो, छातीवर टेप, लाजू नका, फिनिशच्या फोटोत टी-शर्टवर रक्ताचे दोन डाग याहून वाईट दिसतात. स्टार्टला उभं राहायला कचऱ्याची मोठी नवीकोरी पिशवी घ्या, डोक्याला आणि हातांना भोकं पाडा, निघताना काढून डब्यात टाका.

प्रश्न : माझं दोन तासांचं टार्गेट आहे. पावसात जमेल का?

उत्तर : वारा नसेल आणि गारवा बेताचा असेल तर का नाही, उकाड्यापेक्षा बरंच. समोरून वारा असेल तर घड्याळ विसरा, श्वासावर धावा आणि चारपाच जणांच्या मागे लपा, पुढे जायची पाळी मात्र तुम्हीही घ्या. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि मॅनहोलची झाकणं ओली असली की साबणासारखी होतात, वळणावर जपून. आणि प्रत्येक डबकं चुकवत नागमोडी पळालात तर हाफ मॅरेथॉनच्या 21.0975 किलोमीटरचे साडेएकवीस कधी होतील कळणार नाही. बूट तसेही भिजणारच आहेत.

प्रश्न : भिजलेले बूट हीटरसमोर ठेवले तर?

उत्तर : सोलचा गोंद सुटतो. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा.

प्रश्न : छत्री घेऊन धावलं तर चालतं का हो?

उत्तर : मागून येणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करा. नाही.