प्रश्न तुमचे : सिग्नल्सचा तंत्रज्ञ नेमकं करतो काय?

सैन्यातल्या दूरसंचार आणि माहिती यंत्रणांच्या कामाबद्दल गोव्यातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. लष्करी सेटांची नावं, त्यांच्या फ्रिक्वेन्सी, तुकड्यांच्या जागा यांत आम्ही शिरलेलो नाही. कुठल्याही मास्टखाली (एरियलच्या उंच खांबाखाली) जे लागू पडतं, तेवढंच सांगितलं आहे.

माझ्या मुलाला सिग्नल्समध्ये जायचं आहे. शेजारी म्हणतात, तिथे टेलिफोनवर बसून राहायचं काम असतं. खरंच तेवढंच का? — एक पालक, डिचोली

नाही. कोअर ऑफ सिग्नल्स १५ फेब्रुवारी १९११ रोजी सुरू झाली, ब्रीद 'तीव्र चौकस'. सुरुवातीला तार, झेंडे, आरसे होते. आज त्याच कोअरच्या तंत्रज्ञाच्या हाताखाली रेडिओ सेट, फायबर, उपग्रह टर्मिनल, एक्स्चेंज, राउटर, सर्व्हर आणि या सगळ्यांना वीज देणारे जनरेटर नि बॅटऱ्या असतात. या कोअरचं एक प्रशिक्षण केंद्र, २ सिग्नल ट्रेनिंग सेंटर, आपल्या पणजीतच आहे. पहिलं जबलपूरला आहे आणि वरच्या तांत्रिक शिक्षणाचं महाविद्यालय महूला.

मैदानात गाडी थांबली की कामाचा क्रम ठरलेला असतो: जागा बघणे, मास्ट उभारून ताण देणे, अर्थिंग, मग वीज, मग फीडर (सेट ते एरियल जोडणारी केबल), शेवटी सेट. अर्थिंगच्या आधी वीज जोडणारा माणूस या कामाचा नव्हे. दुवा (दोन ठिकाणांमधला संपर्क) चालू झाला की रीडिंग वहीत उतरतं: वेळ, व्होल्टेज, पाठवलेली आणि एरियलवरून परतलेली शक्ती. ही वही कंटाळवाणी वाटते, पण रात्री दोन वाजता दुवा तुटला की 'काल हा आकडा किती होता' याचं उत्तर तिच्याशिवाय कुठेच मिळत नाही.

बिघाड बहुतेक वेळा पेटीत नसतो. तो कनेक्टरमध्ये, केबलीत, विजेच्या तारेत किंवा अर्थमध्ये असतो. म्हणून दुवा मधोमध तोडून तपासतात: तिथे लूप लावायचा, म्हणजे सिग्नल तिथूनच माघारी फिरवायचा, तो परत आला तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष, मग लूप पुढे सरकवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलून दुवा चालू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने तो परत येतो. संगणकांच्या बाजूला दोष वेगळे: एकाच आयपी पत्त्यावर दोन यंत्रं, चुकीच्या व्हीलॅनमध्ये (एकाच नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) गेलेला पोर्ट, आणि घड्याळं जुळलेली नसणं. हा शेवटचा दोष नवख्याला सुचतच नाही. सांकेतिक यंत्रणा दोन्ही टोकांच्या वेळेवर विसंबून असेल, तर घड्याळं फारशी वेगळी झाल्यावर बाकी सगळं ठीक असूनही दुवा उघडत नाही.

वाळपईहून घाटापलीकडे व्हीएचएफ सेट बोलत नाही, पण एचएफ बोलतो असं आम्हाला शिकवलं. एरियल किती लांब, किती उंच? — आयटीआयचा विद्यार्थी, सत्तरी

व्हीएचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओ) जवळजवळ नजरेच्या रेषेत जातं. सपाट जमिनीवर अंतराचा अंदाज असा: दोन्ही एरियलांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. दोन्हीकडे २ मीटर असेल तर साडेअकरा किलोमीटर. एकीकडे १० मीटरचा मास्ट केला तर जवळपास १९. मध्ये सह्याद्रीचा कडा आला की हे गणित संपलं. तिथे माथ्यावर रिले (संदेश पुढे पाठवणारा सेट) बसवावा लागतो, नाही तर एचएफ, म्हणजे व्हीएचएफहून खालच्या फ्रिक्वेन्सी.

एचएफमध्ये लहरी जवळजवळ सरळ वर सोडायच्या. त्या आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून आजूबाजूच्या काही शे किलोमीटरांवर पावसासारख्या उतरतात, डोंगर आडवा येतच नाही. यासाठी एरियल फार उंच नसावं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. लहरीच्या लांबीचा दशांश ते पाव भाग उंची पुरते. ७ मेगाहर्ट्झला लहर सुमारे ४३ मीटर, म्हणजे ४ ते १० मीटर उंची. २० मीटरवर टांगलं तर लहर क्षितिजाकडे वळते आणि शेजारच्या तालुक्यात ऐकू येत नाही.

डायपोलची (मधोमध फीडर जोडलेल्या तारेच्या एरियलची) एकूण लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७ साठी २०.४ मीटर, म्हणजे दर बाजूला १०.२. तार कापताना दर बाजूला ३० सेंटीमीटर जास्त ठेवा, एरियल टांगा आणि ६.९, ७.० आणि ७.१ वर एसडब्ल्यूआर (एरियलवरून किती शक्ती परतते ते दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) बघा. सगळ्यात कमी आकडा खालच्या टोकाला आला तर तार लांब आहे. दर बाजूला १० सेंटीमीटर कमी केलं की तो बिंदू साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. कापू नका, मागे दुमडून पिळून ठेवा. उद्या दुसरी फ्रिक्वेन्सी मिळाली तर तार परत लांब करता येते.

आपल्याकडे टोकं माडाला बांधतात. माड वाऱ्यात हलतो आणि ताठ बांधलेली तार मे महिन्याच्या पहिल्या वादळातच तुटते. दोरी पुलीवरून घेऊन खाली पाचेक किलोचं वजन लोंबतं ठेवा. तारेच्या टोकाला सर्वांत जास्त व्होल्टेज असतं, म्हणून इन्सुलेटर आणि झावळ्या यांत निदान दोन मीटर दोरी हवी. ओल्या पानाला टोक टेकलं की ट्यूनिंग बिघडतं. मधोमध बालन (तारेचे दोन हात आणि फीडर यांचा मेळ घालणारा जोड) नसेल तर फीडरच एरियल होतो. माइकच्या धातूला ओठ लागले की चटका बसतो तो त्यामुळेच. तात्पुरता उपाय म्हणून फीडरचे आठ-दहा वेढे एरियलच्या जोडाजवळच गुंडाळतात. दिवसा साधारण ५ ते ८ मेगाहर्ट्झ चालतात, रात्री खाली उतरावं लागतं. दिवसाची फ्रिक्वेन्सी रात्री धरून बसलं की 'सेट गेला' अशी तक्रार येते.

पावसाळ्यात दुवा हळूहळू दुबळा होतो, पण एसडब्ल्यूआर तर चांगला दिसतो. मग दोष कुठे? — एक वाचक, काणकोण

दोष केबलीत आहे आणि तो चांगला आकडाच तुम्हाला फसवतोय. को-अ‍ॅक्सिअल केबलीत पाणी शिरलं की तिची गळती, म्हणजे वाटेत विरणारी शक्ती, वाढते. एरियलवरून परतणारी शक्ती वाटेतच विरते, सेटापाशी पोचतच नाही, म्हणून मीटर म्हणतो सगळं ठीक. कोरडी असताना केबल किती खाते, ते ध्यानात घ्या: ३० मीटर आरजी-५८ या बारीक केबलीत १५० मेगाहर्ट्झला सुमारे ६ डेसिबल जातात, २५ वॅटचे ६ वॅट उरतात. जाड आरजी-२१३ घेतली तर १३-१४ वॅट. ओल्या केबलीचा हिशेब याहून वाईट.

पडताळा सोपा आहे. एरियलकडचं टोक सोडून मोकळं ठेवा आणि अ‍ॅन्टेना अ‍ॅनालायझरने सेटाकडच्या टोकाला रीडिंग घ्या. सेटाने हे मोजू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जळेल. मोकळ्या टोकाला सगळी शक्ती परतायला हवी; जितकी कमी परत येते तितकी केबल खाते. रिटर्न लॉसचा (परतताना किती शक्ती कमी झाली त्याचा) आकडा निम्मा केला की एका दिशेची गळती मिळते. नवी केबल आणल्या दिवशी हाच आकडा वहीत लिहून ठेवा.

पाणी शिरतं ते कनेक्टरमधून. पीएल-२५९ जातीचा कनेक्टर जलरोधक नसतोच. एन-टाइपमध्ये रबरी रिंग असते, तरी उघड्यावर टेप लावावीच लागते. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, रुंदी जवळपास निम्मी होईपर्यंत ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवत. गुंडाळायची खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो. तिच्यावर पीव्हीसी टेप, उन्हासाठी, आणि तिचा शेवटचा वेढा ताणायचा नाही. ताणला की दुपारी सुटतो. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जाऊ दे. किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हिरवट थर लवकर धरतो, म्हणून जूनच्या आधी एकदा आणि चतुर्थीच्या सुमाराला एकदा प्रत्येक बाहेरचा जोड उघडून बघायचा. घासून पुन्हा वापरायचा मोह आवरा. हिरवी पडलेली जाळी (केबलीतलं तांब्याचं विणकाम) कापून नवा कनेक्टर लावा.

आमच्याकडे सगळी जमीन जांभ्याची. सळई आत जात नाही, गेली तरी अर्थिंग येत नाही. काय करावं? — एक इलेक्ट्रिशियन, सांगे

जांभा उन्हाळ्यात कोरडा झाला की विजेला फार विरोध करतो. ३ मीटर लांब, १६ मिलिमीटर जाड सळई १०० ओहम-मीटरच्या मातीत ठोकली तर सुमारे ३३ ओहम येतात. १,००० ओहम-मीटरच्या जमिनीत ३३५. म्हणजे एक सळई आणखी खोल ठोकण्यासाठी दिवस घालवण्यात अर्थ नाही.

चिऱ्याच्या जमिनीत आडवी पट्टी बरी पडते. अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणा, तांब्याची किंवा जस्ती पट्टी लांबवर अंथरा आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा. मीठ-कोळसा जुना उपाय आहे, पण आपल्या पावसात मीठ एक-दोन हंगामांत धुपून जातं आणि जाताना पट्टीही खातं. सळयाच लावायच्या तर दोघींतलं अंतर किमान एका सळईच्या लांबीएवढं, जमल्यास दुप्पट. जवळजवळ ठोकलेल्या चार सळयांचा विरोध पाव होत नाही, कारण त्या एकाच मातीतून वाट काढतात.

मोजताना अर्थ मीटरचा करंटचा खुंटा अर्थिंगपासून ३० मीटरवर, व्होल्टेजचा त्याच रेषेत १८.६ मीटरवर, म्हणजे ६२ टक्क्यांवर. मग व्होल्टेजचा खुंटा ३ मीटर पुढे आणि ३ मीटर मागे नेऊन पुन्हा वाचा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच रीडिंग खरं. मोठ्या पसाऱ्याच्या अर्थिंगला खुंटे आणखी लांब न्यावे लागतात. आणि मोजायचं एप्रिल-मेमध्ये. ऑगस्टमध्ये मोजलेल्या सुंदर आकड्याचा उपयोग नाही, कारण वळवाच्या विजा कोरड्या जमिनीवर कोसळतात.

आकड्याहून महत्त्वाचं: मास्टचा, सेटाचा, जनरेटरचा आणि इमारतीचा अर्थ एकमेकांना जोडलेला हवा. वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर दोन अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या उपकरणातून वाट काढतो. 'आमचा अर्थ स्वतंत्र आहे' असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांची उपकरणं आधी जळतात. मास्टवरून उतरणाऱ्या पट्टीला काटकोनी वळण देऊ नका, गोलाई ठेवा.

पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं की सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो. बॅटरी नवी आहे. — एक वाचक, फोंडा

तार बारीक आहे. १०० वॅटचा सेट पाठवताना सुमारे २० अँपिअर ओढतो. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.९ व्होल्ट गळतात, फ्यूज आणि लगमध्ये आणखी. १० चौरस मिलिमीटरची घ्या, गळती ०.३५ वर येईल. व्होल्टेज बॅटरीवर नको, सेटाच्या मागे, पीटीटी दाबून धरून मोजा.

गोव्यातल्या मुलाने भरतीसाठी काय करावं, आणि घरी सराव कसा? — बारावीतला विद्यार्थी, पेडणे

अग्निवीर टेक्निकलला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी हवं, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाचाही मार्ग आहे. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान: १.६ किलोमीटर धावणे, पुल-अप, ९ फुटी खंदक. गोवा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे येतो. वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले ३० टक्के सेवा निधीत (नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेत). पुढे कायम होतात ते चारांतले फार तर एक. कोणता ट्रेड मिळेल हे सैन्य ठरवतं, म्हणून 'सिग्नल्स नक्की मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सरावासाठी हॅम रेडिओचा परवाना काढा. वय किमान १२, परीक्षा होते, परवाना केंद्राच्या वायरलेस प्लॅनिंग विभागाकडून मिळतो. रिस्ट्रिक्टेड वर्गाचं हवेतलं नाव (कॉल साइन) व्हीयू-३ ने सुरू होतं, जनरलचं व्हीयू-२ ने, आणि जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स लागतो. परवान्याशिवाय एक सेकंदही पाठवायचं नाही. तोवर एक मल्टिमीटर, एक क्रिम्पिंग टूल आणि दहा मीटर केबल घ्या. दहा कनेक्टर लावा, प्रत्येकाची मधल्या तारेची आणि जाळीची सलगता बघा, दोघांत शॉर्ट नाही ना तपासा, मग ते उभे कापून आतला सोल्डर किंवा क्रिम्प नीट बसला होता का ते पाहा. बहुतेकांचे पहिले चार कापल्यावर वाईट निघतात.