रोज सकाळी आठचा प्रश्न

ऑनलाइन गटांमध्ये रोज खेळल्या जाणाऱ्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅपवर सत्तर जणांचा गट आहे. मी रोज सकाळी आठ वाजता एक प्रश्न टाकतो. अर्ध्या मिनिटात कोणीतरी गूगलवरून उत्तर देतो आणि बाकीचे गप्प बसतात. गूगल करू नका असे सांगितले, तर दोघे रागावून गटातून बाहेर पडले. काय करावे? (निवृत्त बँक कर्मचारी, मिरज)

उत्तर : मनाई करून हे थांबत नाही, हे तुमच्या अनुभवावरून दिसलेच आहे. शिवाय मनाईमुळे प्रामाणिकपणे चटकन उत्तर देणाऱ्यावरही संशय येऊ लागतो, आणि जुन्या मित्रांमध्ये संशयाने जेवढे नुकसान होते तेवढे गूगलने होत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी बदलून पाहा. पहिली अगदी सोपी आहे. उत्तर गटात न टाकता तुम्हाला खासगी निरोपाने कळवावे, आणि रात्री नऊ वाजता तुम्ही बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावे, कोण आधी आणि कोण नंतर हा क्रम न लावता, एकत्र जाहीर करावीत. घाई संपली की शोधाशोधीची निकडही बरीचशी संपते. आमच्या गटात हा बदल केला, तेव्हा ज्यांनी वर्षभर तोंड उघडले नव्हते अशा सदस्यांची उत्तरे येऊ लागली.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची आहे आणि खरे मर्म तिथेच आहे. 'भारतातील पहिली प्रवासी रेल्वे कोणत्या दोन स्थानकांदरम्यान धावली?' हा प्रश्न ज्याला येतो त्याला येतो; ज्याला येत नाही त्याच्या हाती विचार करूनही काही लागत नाही, म्हणून तो फोनकडे वळतो. आता तोच विषय असा मांडून पाहा : '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीला तीन इंजिने जोडली होती. त्यांपैकी दोघांची नावे साहिब आणि सुलतान. तिसऱ्याचे नाव एका प्रांताचे होते. तो प्रांत आज भारतात नाही, पण त्याचे नाव आपण राष्ट्रगीतात प्रत्येक वेळी उच्चारतो. ते कोणते?' रेल्वेच्या इतिहासातले काहीही ठाऊक नसलेला माणूससुद्धा मनातल्या मनात राष्ट्रगीत म्हणू लागतो, 'पंजाब'पाशी क्षणभर अडखळतो आणि पुढच्याच शब्दावर थांबतो : सिंध. हे उत्तर त्याने स्वतः मिळवलेले असते, आणि एकदा ही गोडी लागली की शोधून मिळालेले उत्तर त्यालाच फिके वाटू लागते. सर्वांना खुल्या असलेल्या प्रश्नमंजूषांची आपल्याकडची परंपरा नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात घेतलेल्या स्पर्धेपासून मोजली जाते. त्या परंपरेतील जाणकार तर्काने उकलणाऱ्या प्रश्नालाच चांगला प्रश्न मानतात.

असा एक प्रश्न बेतायला कधी कधी पाऊण तास लागतो, त्यामुळे सातही दिवसांचा भार एकट्याने उचलू नका. रागावून गेलेल्या दोघांना परत बोलवा आणि एकेक वार त्यांच्याकडे सोपवा. जो स्वतः खपून प्रश्न तयार करतो, त्याला दुसऱ्याचा प्रश्न आल्या आल्या शोधावासा वाटत नाही.

प्रश्न : 'भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?' या प्रश्नाला मी आनंदीबाई जोशी हे उत्तर बरोबर धरले. एका सदस्याने कादंबिनी गांगुली यांचे, तर दुसऱ्या सदस्याने डॉ. रखमाबाई यांचे नाव दिले होते. दोन दिवस वाद चालला. गुण कोणाला द्यावेत? (शिक्षिका, अमरावती)

उत्तर : तिघांनाही द्यावेत. चूक उत्तरांत नसून प्रश्नात आहे, कारण 'पहिली' म्हणजे कशात पहिली हे त्यात सांगितलेलेच नाही. आनंदीबाईंनी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने त्यांना ग्रासले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. ते काम त्यांच्या हातून व्हायचे राहूनच गेले. कादंबिनी गांगुली त्याच १८८६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडल्या आणि त्यांनी प्रत्यक्ष व्यवसाय केला. बालपणी लावून दिलेल्या विवाहाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. परदेशी पदवीचा निकष लावला तर आनंदीबाईंचे नाव पुढे येते. प्रत्यक्ष व्यवसायाचा लावला तर उरलेल्या दोघींचा विचार करावा लागतो. तुमच्या गटाने दोन दिवस या तिघींविषयी चर्चा केली, हे मला एका गुणापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. ती चर्चा वाया गेली असे मानू नका.

यापुढे 'पहिला', 'एकमेव', 'सर्वांत मोठा' असे शब्द प्रश्नात आले की थांबून निकष लिहावा आणि उत्तर काळानुसार बदलणारे असेल तर तारीखही लिहावी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्रातील जिल्हे ३६ झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मी जुन्या मार्गदर्शक पुस्तकाच्या भरवशावर ३५ हे उत्तर बरोबर धरले होते आणि दुसऱ्या दिवशी सर्वांची क्षमा मागून गुण बदलले होते. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, असेही अनेक पुस्तकांत आजवर छापले जाते. प्रत्यक्षात कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, असे उत्तर केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली दिले होते.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रोज एका गटात दहा प्रश्न सोडवते. वडिलांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांचे बरोबर आहे का? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तुम्ही ते दहा प्रश्न कसे सोडवता, यावर ते अवलंबून आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. म्हणून उत्तर उघडण्यापूर्वी स्वतःचे उत्तर वहीत लिहा, ते चुकीचे असण्याची शक्यता असली तरी लिहा, आणि चुकल्यास का चुकले ते शेजारी नोंदवा. नुसते उत्तर वाचून पुढे सरकत असाल, तर वडिलांचे म्हणणे मान्य करावे लागेल. शिवाय गटातले प्रश्न अभ्यासक्रमाला धरून नसतात, तेव्हा या खेळाला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका.

प्रश्न : आई नागपूरला आणि मी न्यू जर्सीत, पण आम्ही दोघेही एकाच गटात खेळतो. भारतात सकाळी आठला प्रश्न येतो तेव्हा इथे रात्र असते, आणि मी उठेपर्यंत उत्तर फुटलेले असते. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : प्रश्न तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेनऊला पोहोचतो. मिरजेच्या वाचकांना सुचवलेली रात्री नऊची वेळ तुमच्या गटानेही पाळली, तर उत्तर तुमच्याकडे अनुक्रमे सकाळी साडेअकरा आणि साडेदहाला येईल, म्हणजे विचाराला सकाळचे काही तास मिळतील. गटाला तशी विनंती करा. आईचा फोन त्याआधी आला तर तिने उत्तर सांगू नये, एवढे तिच्याशी आधी ठरवून ठेवा.