जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट घरी सेट करताना टकटक पूर्ण बंद होईपर्यंत आवळावेत का?

नाही, तसं अजिबात करू नका. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक गॅप ठरवणं. तुम्ही लिहिलंय की वडिलांची मार्क ३ फोंड्याला घरीच उभी असते, चवथीपूर्वी टॅपेट करायचेत आणि शेजारचे एक जाणते म्हणाले, ‘आवाज गेला की काम झालं.’ हाच सल्ला मी एकदा मानला होता. साखळीहून बेळगावला निघालो, इंजिन इतकं मऊ चालत होतं की मी खूश होतो. चोर्ला घाटाच्या चढावर गाडीचा दमच सुटला. हेड उतरवल्यावर दिसलं, तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून गेलेला.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भयंकर तापतो आणि ती उष्णता मुख्यतः तो सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, टेकलेला असतानाच हेडमध्ये जाते. गॅप नसेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, फटीतून जळता वायू सुटत राहतो आणि कड खाऊन टाकतो. ढिला टॅपेट आधी आवाज करून कळवतो, जास्त आवळलेला मात्र गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

त्यात आपल्या गाड्यांची आणखी एक अडचण आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीटची झीज रोखायचं काम ते शिसं करायचं. आता सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जाते. म्हणून तुमची गाडी काही न करता पहिल्यापेक्षा शांत झाली असेल, तर टॅपेट लवकर तपासा.

आता प्रत्यक्ष काम. पुढचं सगळं १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे; इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन असेल तर ते वेगळं प्रकरण. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी थंड इंजिनावर हात घाला. चारही प्लग काढा, म्हणजे पुढच्या हँडलने इंजिन सहज फिरतं. वरच्या कव्हरचे दोन नट सोडा. रॉकर शाफ्टच्या बुडाचे नट मात्र सोडू नका; त्यातले काही हेडही धरून असतात. पान्हे इंची मापाचेच घ्या, मिलिमीटरच्या पान्ह्याने नटाचे कोपरे जातात.

रेडिएटरकडून व्हॉल्व्ह १ ते ८ मोजा. लक्षात ठेवायची बेरीज नऊ: १ नंबर पूर्ण दाबला गेला की ८ सेट करायचा, ३ दाबला की ६, ५ दाबला की ४, आणि असंच पुढे. गॅप पंधरा थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच किंवा ०.३८ मिमी, इनलेट-एक्झॉस्टला एकच. तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा एकदा पाहून घ्या.

फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पात्यांचं माप) पातं किंचित अडखळत सरकायला हवं. गॅप ठरवणाऱ्या स्क्रूचा लॉकनट आवळताना स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरा, नाहीतर स्क्रूही फिरतो आणि गॅप बदलते. नट आवळून झाल्यावर पुन्हा मोजाच. माझ्या तिसऱ्या सिलिंडरला हेच झालं असावं असं मला वाटतं.

जुन्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हने खड्डा पाडलेला असतो. सपाट पातं त्या खड्ड्यावरून पुलासारखं जातं, गेज पंधरा दाखवतं आणि खरी गॅप त्याहून जास्त असते. सेट करूनही एकच टॅपेट वाजत राहिला तर आधी तो रॉकर बघा. आवळून आवाज मारू नका. रॉकर घासून किंवा बदलून घेणं हाच उपाय.

कव्हर बसवताना कॉर्कचं पॅकिंग नवं घाला, नट बेताने आवळा, तेल गळतं ते बहुधा अती आवळल्यानेच.

आणि काहीही हलवण्याआधी आठही गॅप मोजून वहीत लिहा. माझ्या वहीत ४ नंबर दर वेळी एक-दोन थाऊ कमी भरतो. त्या सीटची झीज चालू आहे, त्यामुळे पुढच्या वेळी हेड उतरलं की तिथे कडक सीट बसवून घेणार आहे.