पीडीएफमधील मराठी मजकूर वर्डमध्ये आणताना

वाशीतील आपल्या सोसायटीचे जुने उपविधी पीडीएफमधून वर्डमध्ये आणण्याचे काम आपण अंगावर घेतले आहे, ते मुळीच अवघड नाही. मात्र रूपांतराची साधने शोधत बसण्यापूर्वी हातातील फाइल कोणत्या जातीची आहे, हे पाहावे.

त्यासाठी एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी.

- ओळ निवडलीच जात नसेल, तर ते पान म्हणजे नुसते चित्र आहे आणि तेथे ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी प्रक्रिया, लागेल. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचते, पण भाषा ‘मराठी’ निवडावी लागते. नवखे नेमके हेच विसरतात. स्कॅन ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) आणि सरळ असावे.
- मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षर-संकेत पद्धत रुळण्यापूर्वीच्या, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरावा.
- मराठीच उमटली, पण वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटली असतील, तर एकेक अक्षर सुधारत बसण्यापेक्षा पानांच्या प्रतिमा करून त्यांवर ओसीआर चालवणे माझ्या मते केव्हाही परवडते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आलेल्या मजकुरावर डोळे झाकून विश्वास ठेवणे. ‘घ’चा ‘ध’ वा ‘भ’चा ‘म’ झालेला वाचताना खटकतो. ‘१’चा ‘९’ झालेला खटकत नाही, आणि उपविधींत तर कलमांचे क्रमांक, रकमा व मुदती यांवरच सारे अवलंबून असते, म्हणून आकडे मूळ प्रतीशी स्वतंत्रपणे ताडून पाहावेत.

सभासदांची यादी जोडलेली असल्यास ती पाने अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नयेत. तक्ते आणि तळटीपा तूर्त बाजूला ठेवून आधी दोनच पाने करून पाहावीत.