विममध्ये लिहितानाच सिंटॅक्सची चूक दिसावी यासाठी कोणतं मुक्तस्रोत साधन वापरावं?

तुम्ही विम या एडिटरमध्ये पायथन आणि शेल स्क्रिप्ट लिहिता, फाइल चालवल्यावरच चूक कळते, आणि कोडला रंग येत असूनही चुका का दिसत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. थेट उत्तर: विम ८ किंवा निओविम (विमचाच नवा अवतार), त्यावर तपासणी चालवणारं एएलई हे प्लगइन, आणि लिंटर, म्हणजे चुका शोधणारे प्रोग्रॅम: पायथनसाठी रफ आणि शेलसाठी शेलचेक. ही सगळी साधनं मुक्तस्रोत आहेत. पण रंगांबद्दलचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तो घेते.

विम मुळात रंग देतो तो नमुने जुळवून. ठरावीक शब्द दिसला की एक रंग, अवतरणचिन्ह उघडलं की ते बंद होईपर्यंत दुसरा. वाक्य पूर्ण झालं की नाही, याची त्याला फिकीर नसते. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं तर खालचा मजकूर एकाच रंगात बुडतो, त्यावरून आपल्याला शंका येते इतकंच. चूक शोधण्याचं काम पार्सरचं, म्हणजे भाषेच्या नियमांनुसार कोड वाचणाऱ्या भागाचं, आणि त्या भाषेचा स्वतःचा पार्सर तुमच्या मशीनवर आधीच आहे. बॅशला -एन हा पर्याय दिला की स्क्रिप्ट न चालवता तो फक्त वाचून तपासतो. पायथनमध्ये हेच काम पाय-कंपाइल हे मॉड्यूल करतं. प्लगइन बसवण्याआधी या दोन्ही गोष्टी टर्मिनलवर एकदा करून पाहाच. एडिटरमधलं प्लगइन बहुतेक वेळा असाच एखादा बाहेरचा प्रोग्रॅम चालवतं, त्याचं उत्तर वाचतं आणि त्या ओळीसमोर खूण करतं.

आता सिंटॅक्सच्या पलीकडचं, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या एका साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये होतं आणि त्याभोवती अवतरणचिन्हं नव्हती. एका फोल्डरच्या नावात स्पेस निघाली, पुसून टाकणाऱ्या आरएम कमांडला एकाऐवजी दोन नावं मिळाली, आणि नको तो फोल्डर उडाला. बॅश -एनला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं, आणि त्याचं बरोबरच होतं. वाक्य शुद्ध होतं, अर्थ घातक होता. शेलचेक नेमक्या याच गोष्टीवर एससी २०८६ या क्रमांकाची सूचना देतो. प्रत्येक सूचनेचं स्पष्टीकरण त्याच्या विकीवर उदाहरणासकट मिळतं, ते वाचत गेलं तरी शेल बरंच पक्कं होतं. शेलचेकशिवाय शेल स्क्रिप्ट लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायथनमध्येही असंच अंतर आहे. फंक्शनच्या आत व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तर पार्सर गप्प बसतो, कारण ते नाव खरंच आहे की नाही हे ती ओळ चालल्यावरच उघड होतं. पायफ्लेक्स हा दुसरा एक लिंटर किंवा रफ ते आधी पकडतात. रफ रस्टमध्ये लिहिलेलं असल्यामुळे खूप वेगवान आहे, टाइप करता करता तपासायला सोयीचं.

अजून एक सवय: चूक दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा. न मिटलेला कंस पार्सरला पुढे कुठेतरी अडखळल्यावर कळतो. पायथन ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून, कंस कुठे उघडा राहिला तीच ओळ दाखवली जाते; जुन्या आवृत्तीत पुढच्या निष्पाप ओळीवर बोट जायचं. आणि दहा चुका एकदम दिसल्या तर पहिली दुरुस्त करून पुन्हा तपासा, बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

जुन्या लेखांत सिन्टॅस्टिक या प्लगइनची शिफारस दिसेल. ते आता सांभाळलं जात नाही, शिवाय तपासणी संपेपर्यंत एडिटर अडकून राहायचा. विम ८ मध्ये २०१६ साली पार्श्वभूमीत काम चालवण्याची सोय आली आणि एएलई तिच्यावरच उभं आहे. पुढे नाव बदलणं, व्याख्येवर उडी मारणं असं काही हवं असेल तर लँग्वेज सर्व्हरकडे, म्हणजे एडिटरला कोडची माहिती पुरवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे वळा, पण आत्ताच्या गरजेला त्याची घाई नाही.

अनोळखी माणसाचा कोड उघडताना मात्र आपोआप होणारी तपासणी बंद ठेवा. पर्ल भाषेचा -सी पर्याय नावाला तपासणी असला तरी बिगिन ब्लॉकमधला, म्हणजे वाचतानाच चालणारा, कोड खरोखर चालवतो. इतर काही साधनंही प्रोजेक्टमधली कॉन्फिग फाइल कोड म्हणूनच चालवतात.

सगळं बसवून झालं की एका फाइलमध्ये मुद्दाम एक कंस उघडा सोडा. खूण दिसली नाही तर एएलई-इन्फो कमांड द्या: कोणते लिंटर चालू आहेत आणि त्यांचे प्रोग्रॅम सापडले का, हे ती सांगते. बहुतेक वेळा रफ एखाद्या प्रोजेक्टपुरत्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवलेलं असतं आणि विमच्या पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, ते नसतं.