पहिल्यांदाच ग्रीसला जाताय?
एका आठवड्यात पाच बेटं कोंबू नका, अर्धी सुट्टी बोटीच्या धक्क्यावर जाईल. सँटोरिनी एक पुरे, तीही क्रूझची गर्दी ओसरल्यावर.

अथेन्सला मात्र निवांत वेळ द्याच. तिथल्या टेकडीवरच्या प्राचीन मंदिरसमूहाचं, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसचं ऑनलाइन तिकीट ठरावीक वेळेचं असतं; सकाळी लवकरचं घ्या. वरचा संगमरवर पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की चपला सटकतात, बूटच घाला. पार्थेनॉन या मुख्य मंदिराशेजारी इरेक्थिऑन मंदिराच्या ओसरीचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी स्त्रिया दिसतील, त्या प्रतिकृती. मूळच्या पाच खालच्या संग्रहालयात आहेत, सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये (ग्रीस ती परत मागतंय, हा वाद अजून मिटलेला नाही). संग्रहालयात त्यांच्या मागे जाऊन पाठीवरच्या जाडजूड वेण्या बघा. बहुतेक लोक समोरून फोटो काढून सटकतात.

मग मेटिओरा. उभ्या सुळक्यांवरचे सहा मठ अजून नांदते आहेत. सगळ्यांचा सुट्टीचा वार एकच नसतो, आधी पाहून घ्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

शाकाहारी असाल तर ‘निस्तिसिमो’ मागा, म्हणजे त्यांच्या उपवासाचं: मांस, दूध, अंडी नाहीत. पण कोळंबी, कालवं त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. टोमॅटोत भात भरलेलं गेमिस्ता झकास; फक्त त्यात खिमा नाही ना, हेही विचारा.