वाचकांचे प्रश्न: घर ट्रॉलीवर, ट्रॉली काट्यावर

ट्रेलरवर स्वतः बांधायच्या छोट्या घराबद्दल खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि बेळगाव शहरातून बरेच प्रश्न आले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. फर्निचर आणि रंगांबद्दलची पत्रं तूर्त बाजूला ठेवली. आधी गाडा उभा राहू दे.

प्रश्न (हुक्केरी तालुका): शेतात दोन चाकांची जुनी ट्रॉली पडून आहे, ११ × ६ फूट. फळ्या काढून त्यावरच खोली उभी केली तर चालेल का?

उत्तर: बसून जेवण्यापुरतं शेड हवं असेल तर चालेल. राहायला नाही. ६६ चौरस फुटांत पलंग, ओटा आणि मोरी बसवली की उभं राहायला जागा उरत नाही. त्यापेक्षा मोठी अडचण खालच्या बाजूला आहे. अशा बहुतेक ट्रॉल्यांना पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) नसतात, एक्सल थेट चौकटीला जखडलेला असतो. उसाला हादऱ्याचं काही वाटत नाही, पण खिडकीच्या काचेला, प्लायच्या सांध्याला आणि पाण्याच्या पाइपाला वाटतं. वर्षानुवर्षं ओव्हरलोड खाल्लेली चौकट मधून वाकलेलीही असते. चारही कोपऱ्यांना कर्ण दोरी लावून पाहा. दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला, किंवा दोऱ्या मध्यभागी एकमेकींना टेकल्या नाहीत, तर ती चौकट भंगारात द्या. हूक आणि उभं राहायचं जॅक सुस्थितीत असेल तर तेवढं काढून घ्या.

प्रश्न (खानापूर): १६ × साडेसात फुटांचं घर करायचं ठरवलंय. छप्पर आपल्याकडच्या मंगलोरी कौलांचंच हवं. एकूण वजन किती होईल, एक्सल किती ताकदीचे घ्यावेत?

उत्तर: हा प्रश्न नकाशा काढायच्या आधी विचारलात हे उत्तम. बहुतेकांना तो फॅब्रिकेटरचं बिल भरल्यावर पडतो.

खालून वर जाऊ. बाहेरची चौकट १०० मिमीच्या लोखंडी चॅनेलची. तो मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो आणि पुढच्या त्रिकोणी दांड्यासकट १९ मीटर लागतो, म्हणजे १८० किलो. दर दोन फुटांवर ७५ मिमी चॅनेलचे आडवे, सात नग, सुमारे ११०. दोन एक्सल, पाटे, हब आणि चार चाकं मिळून ३५० ते ४००. भिंतीचा पत्ताही नाही आणि साडेसहाशे-सातशे किलो झाले.

आता घर. १८ मिमी प्लायची जमीन १३५ किलो. भिंतींना ४० × ४० × २ मिमीचा चौकोनी पाइप, उभे दोन-दोन फुटांवर आणि आडव्या तीन रांगा धरल्या तर शंभरेक मीटर लागतो, २३० किलो. बाहेरून अर्धा मिमी जाडीचा रंगीत पत्रा १४०. आतून ६ मिमी प्लाय घेतला तर १२०, आणि त्याच जाडीचा सिमेंट फायबर बोर्ड घेतला तर २४०. बोर्ड आग आणि वाळवीला चांगला हे खरं, पण चालत्या घरात स्क्रूजवळ त्याला चिरा जातात. प्लायच घ्या, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा. छपराचे पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाइप) आणि पत्रा १२५, आतलं सीलिंग ५०, उष्णता अडवणारा पन्नास मिमी एक्सपीएस फोम सगळीकडे ९०, दारं-खिडक्या १२०, तळाचा पत्रा ४५. ओटा, पलंग, कपाटं २५०. भरलेली २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो. ट्यूब्युलर बॅटरी ६०, भरलेला सिलिंडर ३०, फ्रिज ४०, संडास-मोरी ८०. कपडे, भांडी, पुस्तकं २०० धरा. बेरीज २,६०० किलोच्या आसपास जाते. म्हणून प्रत्येकी १,७५० किलोचे दोन एक्सल घ्या आणि टायरवर छापलेली भारक्षमता चारही टायरांची मिळून ३,५०० च्या खाली नको. दीड-दीड टनाचे एक्सल कागदावर पुरतात, पण खड्ड्यात एका चाकावर येणारा दणका कागदावर नसतो.

आणि कौलं. बाहेर काढलेल्या वळचणीसह छप्पर साडेतेरा चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला १५ या हिशेबाने दोनशे कौलं, एक सुमारे २.४ किलोचं, म्हणजे ४८० किलो. नुसता पत्रा ६५ किलोंत होतो. पावसाळ्यात कौल पाणी पितं ते वजन वेगळं. हा सगळा भार जमिनीपासून बारा फुटांवर बसतो, त्यामुळे बांध ओलांडताना घर जितकं कलायला हवं त्याहून जास्त कलतं. शिवाय कौल आकड्यावर नुसतं टेकलेलं असतं, हलवलं की सरकतं. खानापूरच्या माणसाला कौल सोडवत नाही हे समजतं. घर जिथे उभं राहणार तिथे पुढे जमिनीवर ओसरी करा आणि कौलं तिच्यावर घाला.

प्रश्न (निपाणी): ट्रेलर ओढताना मागून शेपटीसारखा हलतो असं ऐकलंय. एक्सल नेमके कुठे बसवायचे?

उत्तर: हलतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: हुकावर भार कमी. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. त्याहून कमी झाला तर मागचा भाग ट्रेलरला वळवतो. फार जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. १६ फुटी घराला दोन एक्सलांचा मध्य पुढच्या भिंतीपासून साडेनऊ फुटांवर ठेवा. पाण्याची टाकी एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे घ्या. संडासाची टाकी अगदी मागच्या टोकाला लावायचा मोह टाळा.

अंदाज झाला की वजन करा. आपल्या भागात वजनकाट्याला तोटा नाही. गाळप हंगाम संपल्यावर साखर कारखान्याच्या किंवा गुळाच्या बाजारातल्या काट्यावर थोडे पैसे देऊन काम होतं. पहिल्यांदा ट्रेलर सोडवून, पुढच्या जॅकसकट अख्खा काट्यावर घ्या. समजा २,६४० आलं. मग ट्रॅक्टरला जोडा, ट्रॅक्टर काट्याबाहेर ठेवा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. समजा २,३१० आलं. फरक ३३० म्हणजे हुकावरचा भार, साडेबारा टक्के. ठीक आहे. शेवटी फक्त डावी चाकं काट्यावर घेऊन पाहा. उजव्या-डाव्यात शंभर किलोहून जास्त फरक असेल तर ओटा आणि कपाट एकाच बाजूला गेलेत.

भार चुकला तर एक्सल कापायला धावू नका. २०० किलोची भरलेली टाकी तीन फूट पुढे सरकवली की हुकावर चाळीसेक किलो वाढतात. म्हणून टाकी, बॅटरी आणि पलंगाखालचं सामान पक्कं करण्याआधी हे वजन करायचं, नंतर नाही.

प्रश्न (जांबोटी): आमच्याकडचा पाऊस माहीतच आहे. पत्र्याचं घर गळल्याशिवाय राहील का?

उत्तर: राहील, पण गळती छपराच्या मधून सुरू होत नाही, ती कडेने आणि भोकातून येते. छप्पर एकाच बाजूला उताराचं करा, साडेसात-आठ फुटांत किमान दोन फूट उतार. पत्रा एका लांबीचा कापून घ्या म्हणजे आडवा जोड येतच नाही. शेजारच्या पत्र्यावर दीड ते दोन पन्हळी चढवा आणि मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) द्या. छपरावर स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, खोलगटात नाही, आणि ईपीडीएम रबराच्या वॉशरवाला. ड्रिल मशीनने वॉशर चेपून बाहेर आला की तो स्क्रू गळणार हे धरून चाला. साध्या सिलिकॉनवर भरवसा नको. पत्रा उन्हात लांबतो, रात्री आखडतो, आणि दोन पावसाळ्यांत सिलिकॉनची कड सुटते. पॉलियुरेथेन सीलंट महाग पडतं, पण पत्र्याबरोबर ताणतं.

कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात सरळ पडणाऱ्या पावसापेक्षा पश्चिमेची झड वाईट. दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. बाहेरचा पत्रा थेट पाइपावर न ठोकता २० मिमीच्या उभ्या पट्ट्यांवर बसवा. आत शिरलेलं पाणी त्या पोकळीतून खाली निथळतं. पत्र्याचं खालचं टोक जमिनीच्या चौकटीच्या एक इंच खाली आणा, नाहीतर थेंब आतल्या बाजूला वळून प्लायच्या कडेत मुरतो. प्लाय तिथूनच फुगायला लागतो. पोकळीचं खालचं तोंड बारीक जाळीने बंद करा. न केल्यास महिन्याभरात उंदीर आत असतात आणि फोम त्यांना फार आवडतो. रॉकवूल (दगडी तंतूंचा थर) मात्र इथे वापरू नका. एकदा भिजलं की भिंतीच्या आत ते वाळत नाही.

आतला ओलावाही पावसाइतकाच खोड्या काढतो. दोन माणसांचा श्वास, गॅसवरचा भात आणि वाळत घातलेले कपडे मिळून थंड पाइपावर पाणी धरतं. ओट्यावर एक्झॉस्ट पंखा हवाच.

प्रश्न (अथणी): आमची जमीन काळी. घर कायम एका जागी राहिलं तर रुतेल का?

उत्तर: रुतेल, आणि चारही बाजूंनी सारखं रुतणार नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चाकांच्या आणि टेकूंच्या जागी दीड फूट खणा, डबर आणि मुरूम थराथराने पाणी मारून ठोका, वर सहा इंची काँक्रीटचे दोन बाय दोन फुटांचे ठोकळे टाका. शहाबादी फरशी टेकूखाली फुटते. वर्षभर हलवायचं नसेल तर एक्सलजवळ चौकटीखाली टेकू देऊन टायरवरचा भार काढा आणि टायर गोणपाटाने झाका. उन्हाने त्यांच्या बाजूंना भेगा पडतात.

प्रश्न (बेळगाव): वीज आणि गॅसचं काय?

उत्तर: घर पत्र्याचं आहे हे विसरू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चौकटीला जोडलेलं पक्कं अर्थिंग नसेल तर वायर सोलली की अख्खी भिंत करंट देते. वायर पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट लावा आणि वायर बहुतारी घ्या, प्लगला २.५ चौरस मिमी. पंपाच्या कनेक्शनवरून घर चालवू नका. हेस्कॉम या वीज कंपनीकडे घरगुती जोडणी वेगळी मागा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर बाहेरच्या पेटीत ठेवा आणि पेटीला भोकं तळाशी पाडा. वरची भोकं काही कामाची नाहीत.

प्रश्न (चिकोडी): चाकं आहेत म्हटल्यावर ना परवानगी लागते, ना एनए (बिनशेती), असं गावात सांगतात. खरं काय? आणि घर चंदगडला नेता येईल का?

उत्तर: गावात अर्धंच सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरलाही वाहनच मानतो. शेतीची ट्रॉली म्हणून नोंदलेल्या गाड्यावर खोली बांधली की नोंदीतला तपशील बदलतो, आणि कलम ५२ खाली त्याला मंजुरी लागते. काम सुरू करण्याआधी नकाशा आणि वजनाचा हिशेब घेऊन आपल्या आरटीओत जा. केए २२ (बेळगाव) असो की केए २३ (चिकोडी), तयार घर घेऊन गेलात तर बोलायला काही उरत नाही. रुंदी अडीच मीटर आणि रस्त्यापासून उंची पावणेचार मीटरच्या आत ठेवा. तेवढ्यावरही गावातल्या खाली आलेल्या तारा मोजाव्या लागतातच.

शेतजमिनीवर राहण्याचा प्रश्न वेगळा आहे. तो कर्नाटक भू-महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ मध्ये येतो, आणि चाकं लावल्याने तो सुटत नाही. उतारा घेऊन तहसीलदार कार्यालयात विचारा. चंदगड किंवा गडहिंग्लजला नेता येईल, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलं तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. ट्रॅक्टरमागे घाट उतरू नका. त्या ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. चोर्ल्यासारख्या घाटरस्त्याला लो-बेड (बुटक्या हौद्याचा) ट्रक ठरवा.

प्रश्न (संकेश्वर): शेजाऱ्याचं असंच घर हलवून नव्या जागी लावलं तर दार घासायला लागलं. सुताराने दोनदा रंधा मारला, फरक नाही. का?

उत्तर: दोष दारात नाही. चारही कोपऱ्यांचे जॅक एकामागोमाग पूर्ण आवळले की एक कोपरा जास्त उचलला जातो आणि चौकट पिळते. सगळे जॅक सैल करा. कमी उंचीच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून घर आधी चाकांवरच समतल करा. मग जॅक हाताने जमिनीला टेकेपर्यंत फिरवा आणि वर अर्धाच फेरा द्या. प्रत्येक जॅकनंतर दार उघडून बंद करून पाहा, ज्या जॅकला ते अडेल तो मागे घ्या. रंधा मारलेल्या कडेला आता फट दिसेल, तिला रबरी पट्टी लावावी लागेल.